एक डबकं, तीन वाटा: नाशिकमधल्या एका जुन्या गाडीच्या गळतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 2006 ची. पेट्रोलवरची, पाच दारांची, छोटी. मालक निवृत्त शिक्षक. गंगापूर रोडच्या नदीकडच्या अंगाला, उताराच्या गल्लीत त्यांचं घर. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही इथे सरच म्हणतो. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातची, जेमतेम 70,000 किलोमीटर चाललेली, इंजिनाचा आवाज अजून स्वच्छ. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणी नव्याने करावी लागते आणि ती पुढच्या पाच वर्षांपुरतीच मिळते. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन सरांनी ते एकदा केलं होतं, हरित करही भरला होता. गाडी माझ्याकडे आली तेव्हा 18 वर्षांची होती.

माझं गॅरेज सातपूर-अंबड लिंक रोडच्या बाजूला आहे. गळतीचं काम बरेच जण टाळतात. तास न् तास जातात, हाताला काही लागत नाही, आणि शेवटी बिल लावायचं ते पाच रुपयांच्या बुचाचं. मी ही कामं घेतो, कारण सुस्थितीतल्या गाड्या केवळ खालून कुजल्या म्हणून भंगारात जाताना मी पुष्कळ पाहिल्या आहेत. इंजिन बिघडलं तर बदलता येतं, पण पत्रा गेला की गाडी गेलीच.

नाशिकच्या पावसाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इगतपुरी-त्र्यंबकला कोसळतो तसा तो शहरात कोसळत नाही. इथे बहुतेक दिवस भुरभुर असते, आणि ती चार-चार दिवस थांबत नाही. मोठी सर पत्र्यावरून धावत निघून जाते. भुरभुरीचं पाणी सांध्यात बसतं, हळूहळू झिरपतं, आणि ऊन नसल्यामुळे आत आलेलं वाळत नाही. म्हणून ‘आमच्याकडे कुठे एवढा पाऊस’ असं म्हणणाऱ्यांच्या गाड्यासुद्धा आतून भिजतात.

अडचण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर गाडी घेऊन आले. डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली, मॅटिंग ओलं. वरचं रबराचं पायपुसणं उचललं की खाली डबकं. वासाबद्दल विचारावं लागलं नाही, दार उघडताच तो आला: गोणपाट पाण्यात कुजल्यासारखा.

सरांना वासाचा त्रास नव्हता, काकूंना होता. त्यांना दमा आहे. गाडीत बसलं की अर्ध्या तासात खोकला सुरू होतो, म्हणून त्यांनी दोन पावसाळे ठाण्याला लेकीकडे जाताना बसच धरली होती. सर हे सांगताना जरा थांबून बोलले. गाडी घेतली तीच मुळी काकूंना बसचे धक्के नकोत म्हणून.

त्यात नवीन भर म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा. अधूनमधून लागायचा, आपोआप जायचा. डाव्या पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागे वायरिंगचे कनेक्टर असतात. पॅनल काढून पाहिलं तर दोन कनेक्टरच्या पिनांवर हिरवट क्षार धरला होता. म्हणजे प्रकरण ओल्या पायांपुरतं राहिलेलं नव्हतं.

आधी झालेले प्रयत्न

माझ्याकडे येण्याआधी तिघांनी हात लावला होता. एका ॲक्सेसरीच्या दुकानात पुढच्या काचेच्या बीडिंगभोवती, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीभोवती, सिलिकॉन फिरवून दिलं होतं. दुसरीकडे ‘हीटरची कॉइल फुटली असेल’ असं सांगून हीटरचे पाइपच बंद केले होते. तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी खालच्या पत्र्यातलं रबरी बूच काढून टाकलं होतं, पाणी आपोआप खाली निघून जाईल म्हणून.

या तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. पाणी कुठून येतं हे कुणीच पाहिलं नव्हतं. बूच काढण्याचा उपाय तर उलटा पडला. ओल्या रस्त्यावर चाक जे पाणी उडवतं ते त्याच भोकातून वर येऊ लागलं. पूर्वी गाडी उभी असताना भिजायची, आता चालतानाही भिजायला लागली, आणि दोन वेगळी कारणं एकमेकांत मिसळून गेली.

सिलिकॉनबद्दलही इथेच सांगतो, कारण पुढे त्याने फार छळलं. दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना आंबट, व्हिनेगरसारखा वास सोडतं. तो असेटिक ॲसिडचा वास. उघड्या पत्र्यावर ते गंजाला निमंत्रणच आहे. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी ना रंग धरत, ना काच बसवायचं पीयू (पॉलियुरेथेनचं चिकटद्रव्य) चिकटत. बाथरूमला चालतं ते गाडीला चालत नाही.

समोरचे पर्याय

सरांशी बसून बोललो. पहिला प्रश्न त्यांनीच काढला: गाडी काढून टाकू का? जुन्या बाजारात तिची जी किंमत आली असती ती फार नव्हती, आणि गळती दिसल्यावर तीही निम्मी झाली असती. दुसरीकडे, इंजिन, गिअर, सस्पेन्शन सगळं नीट असलेली दुसरी गाडी तेवढ्या पैशांत मिळणार नव्हती. मी त्यांना म्हटलं, आधी खालचा पत्रा पाहू. तो आरपार गेला असेल तर पुढच्या नोंदणीच्या तपासणीतही अडचण येईल, मग खर्च करू नका. पत्रा शाबूत असेल तर गळती शोधू.

दुसरा पर्याय म्हणजे सगळे सांधे एकदम बंद करणं: काच, दारं, छताची पट्टी, जे दिसेल त्यावर सिलंट. एका दिवसाचं काम. गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. मी ते नाकारलं, आणि का नाकारलं ते सरांना नीट समजावलं. गाडीत पाणी शिरणं हा मुळात दोष नाही. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. वायपरखालच्या जाळीतून पाणी खाली पन्हाळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या वाटांनी चाकामागे उतरतं. बनवणाऱ्याने पाणी आत येणार हे धरूनच गाडी बनवलेली असते. अडलेली वाट मोकळी करायच्या ऐवजी वरून सिलंट फासलं, तर तेच पाणी पत्र्याच्या पोटात कोंडून राहतं आणि आतून खातं.

तिसरा पर्याय, शोधायचं. वेळ किती लागेल ते सांगता येणार नव्हतं. सर म्हणाले, ‘‘वेळ आहे माझ्याकडे. मीही बसतो.’’

पहिली तपासणी

डावी सीट काढली, मॅटिंग उलटवलं. खालचा फेल्ट, म्हणजे नमद्यासारखा जाड थर, पिळला तर पाऊण बादली पाणी निघालं. पत्र्यावर वरवरचा तांबूस गंज होता, पण हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून पाहिलं तेव्हा आवाज खणखणीत आला. पत्रा जिवंत होता. हा पहिला निर्णयाचा टप्पा आम्ही ओलांडला.

मग पावसाखेरीजची कारणं बाजूला काढली. आलेलं पाणी स्वच्छ, बोटाला तेलकट नाही, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या आणि हीटरमधूनही फिरणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास नाही, टाकीतली पातळीही जशीच्या तशी. म्हणजे हीटरवर घेतलेला आळ खोटा. एसी वीस मिनिटं चालवला, त्याच्या नळीतून खाली टपटप पाणी पडत होतं, म्हणजे तीही मोकळी. काढलेल्या बुचाच्या जागी नवं बूच त्याच वेळी बसवलं, निदान एक वाट हिशेबातून जावी म्हणून.

सरांना मी एक वही ठेवायला सांगितली होती. पाऊस कसा होता, गाडी कुठे उभी होती, तोंड कुणीकडे, किती ओल. आठ दिवसांच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट दिसली. घरासमोर उभी असली की भिजते, कॉलेज रोडला ओळखीच्यांच्या सपाट पार्किंगमध्ये उभी असली की नाही. आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी नेहमी डावीकडे कलते. त्यात घरासमोर जुना गुलमोहोर. गुलमोहोराची पानं मोठ्या पानांसारखी जाळीवर अडत नाहीत. ती बोटाच्या नखाहूनही लहान, जाळीतून सरळ खाली जातात.

खडूची कल्पना सरांची नव्हे, माझी, पण खडू त्यांच्याकडचे. कुटून भुकटी केली आणि डॅशखालच्या कोरड्या पत्र्यावर, सांध्यांवर फुंकली. भुकटीवरून पाण्याचा एक थेंब गेला तरी रेघ उमटते. रामकुंडावर गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं ते बघून माप सांगतात, तशी ही आमची खूण. मग नळी, तोंडाला काहीही न लावता, धार मंद. वॉशिंगचा जोरदार फवारा इथे वापरायचा नसतो. जिथे पावसाचं पाणी कधीच जाणार नाही तिथेही तो पाणी घुसवतो आणि खोटी वाट दाखवतो. खालून वर जायचं, हा नियम: आधी चाकाची कमान, मग खालचा भाग, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

आत सर टॉर्च घेऊन बसले. मी डावी चाकं थोड्या खोलगट भागात उभी केली होती, गल्लीसारखा कल यावा म्हणून. वायपरखालच्या जाळीवर धार धरून सात-आठ मिनिटं झाली असतील, आतून हाक आली, ‘‘आलं! ब्लोअरच्या डब्यातून!’’

जाळी काढली. डाव्या टोकाची वाट गुलमोहोराच्या पानांनी आणि मातीने अशी गच्च भरली होती की पेचकसाने खणावी लागली. पाणी तुंबायचं, ब्लोअरच्या, म्हणजे गाडीत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या, तोंडाभोवतीची कड ओलांडायचं, डब्यातून थेट पायाशी. मी आणि माझ्या हाताखालच्या मुलाने ती साफ केली, नळी धरली, चाकामागे खळखळ धार लागली. परत पंधरा मिनिटं जाळीवर पाणी सोडलं. आत थेंब नाही.

इथे मी थांबलो. कारण सापडलं होतं, समजत होतं, वहीशी जुळत होतं, आणि संध्याकाळ झाली होती. दार, काच, छत यांवर पाणी धरलंच नाही. फेल्ट वरून ब्लोअर मारून वाळवला, मॅटिंग बसवलं, गाडी दिली. या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा निर्णय हाच, आणि तो माझा.

गाडी परत आली

दहा दिवसांनी सरांचा फोन. रात्रभर वाऱ्यासकट पाऊस झाला होता. ओल आधीपेक्षा कमी, पण होती, आणि आता डाव्या मागच्या सीटच्या पायाशीही.

अशा वेळी गॅरेजवाला दोन वाक्यांपैकी एक बोलतो: ‘‘जुनं पाणी उतरत असेल’’ किंवा ‘‘जुनी गाडी आहे, थोडं चालायचंच.’’ पहिलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं, कारण फेल्ट मी पुरता वाळवला नव्हता. पण तसं म्हणून मी त्यांना आणखी पंधरा दिवस ओल्या गाडीत बसवलं असतं. घेऊन या, मजुरी लागणार नाही, एवढंच म्हणालो.

या वेळी सगळं बाहेर काढलं. दोन्ही डाव्या सीटा, पूर्ण मॅटिंग, फेल्ट, बाजूची प्लॅस्टिकं, काचेच्या खांबावरचं आवरण. गाडी नुसत्या पत्र्यावर आली. आणि ठरवलं की एक कारण सापडलं तरी थांबायचं नाही, यादीतल्या शेवटच्या जागेपर्यंत पाणी धरायचं.

डाव्या पुढच्या दाराच्या काचेवर धार सोडली. पाच मिनिटांत दाराच्या पॅडच्या, म्हणजे आतल्या आवरणाच्या, खालच्या कडेतून पाणी उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून आत. पॅड काढलं. दाराच्या आतल्या पत्र्यावर एक पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. बहुतेक मालकांना ते असतं हेच माहीत नसतं, आणि दुर्दैवाने अनेक कारागिरांना ते कशासाठी असतं हे माहीत नसतं. दाराच्या पोटातलं पाणी पॅडकडे येऊ न देणं हे त्याचं काम. काच वर-खाली करायची मशीन बदलताना केव्हातरी ते फाडून परत सेलोटेपने लावलं होतं. सेलोटेप कधीच सुटला होता. शिवाय दाराच्या खालच्या तीन भोकांपैकी दोन मातीने बुजलेली. पाण्याला बाहेरची वाट नाही, आतली मात्र उघडी.

जाड पॉलिथिनचा नवा तुकडा जुन्याच्या मापाने कापला, ब्यूटाइल टेपने, म्हणजे चिकट रबरी पट्टीने, सगळीकडून बसवला. यात एक खुबी आहे. खालची कड पॅडच्या बाजूला लोंबकळत ठेवायची नाही. ती दाराच्या फटीतून आत, पोटात सोडायची, म्हणजे प्लॅस्टिकवरून ओघळलेलं पाणी आपोआप दारातच पडतं. हे उलटं झालं की टेप कितीही चांगला असो, गळती कायम. भोकं तारेने मोकळी केली. परत धार. उंबरा कोरडा.

आणि तरीही आम्ही पुढे गेलो. काचेच्या खालच्या कडेवर काही नाही. उजव्या बाजूला काही नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यावर धार धरली तेव्हा बराच वेळ काही झालं नाही, आणि मग खांबाच्या उघड्या पत्र्यावरच्या भुकटीत एक बारीक रेघ उतरू लागली. केसाएवढी. ती खाली येत येत त्याच जागी पोचली जिथे पहिल्या दिवशी डबकं होतं. सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

एक डबकं, पण तिथे पोचणाऱ्या वाटा तीन. आधीच्या प्रत्येकाला, मलाही, एकच कारण हवं होतं, म्हणून प्रत्येक उपाय थोडा लागू पडला आणि पुरता फसला.

काचेचा निर्णय

हा सगळ्यात अवघड टप्पा होता. बीडिंग उचलून पाहिलं तर सिलिकॉनच्या थराखाली गंज फुगून आला होता. पुढची काच काही वर्षांपूर्वी दगड लागून बदललेली होती. जुनी काच तारेने किंवा पात्याने कापून काढताना पत्र्याच्या कडेवरचा रंग खरवडला जातो. त्या ओरखड्यावर प्राइमर न लावता नवी काच चिकटवली की तिथून गंज सुरू होतो, पीयूच्या थराखाली सरकतो, आणि पीयू चिकटलेला दिसतो पण धरलेला नसतो. वरून फासलेल्या सिलिकॉनने तो झाकला आणि वाढवला.

पर्याय तीन होते. बाहेरून पातळ, झिरपणारं सिलंट सोडायचं: स्वस्त, पण गंज तसाच. काच आत्ताच काढायची. किंवा पावसाळाभर तात्पुरतं झाकून, दिवाळीनंतर काच काढून मुळापासून करायचं.

काच लगेच काढावी असं माझ्या हाताखालच्या मुलाचं म्हणणं होतं, आणि त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. काच नुसती पाऊस अडवत नाही, ती सांगाड्याला ताकदही देते. अर्धवट सुटलेली काच धोक्याची. म्हणून आम्ही आतून दाबून, कडेने तपासून पाहिलं. गंज वरच्या डाव्या कोपऱ्यात साधारण वीतभर लांबीत होता, बाकी सगळीकडे पकड घट्ट होती. पीयू हवेतल्या दमटपणानेच पिकतं, त्यामुळे पावसाळ्यात काच बसवायला हरकत नसते. अडचण होती पत्र्याची. घासून उघडा केलेला पत्रा जुलैच्या हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होतो, आणि प्राइमर, रंग यांना कोरडी हवा लागते. माझ्या शेडला बंद खोली नाही. घाईत केलं असतं तर दोन वर्षांनी तीच जागा पुन्हा फुगली असती.

थांबायचं ठरलं. सुटतील तेवढे सिलिकॉनचे पापुद्रे काढले, कोपऱ्यावर रुंद ब्यूटाइल टेप बसवली, आणि सरांना तीन गोष्टी सांगितल्या: गाडी गुलमोहोराखाली लावायची नाही, घाटात वेग कमी ठेवायचा, आणि काच काढताना ती फुटू शकते याची आत्ताच तयारी ठेवायची. शेवटचं वाक्य मी कागदावरही लिहून दिलं.

वाळवणं

याला मी पहिल्या वेळी किंमत दिली नव्हती. मॅटिंगच्या खालचा फेल्ट वरून कोरडा लागतो, आतून महिनाभर ओला राहतो, कारण वरच्या मॅटिंगला खालून रबराचा थर असतो आणि वाफ वर जाऊ शकत नाही. डाव्या बाजूचा फेल्ट कुजला होता, तो टाकूनच दिला. मॅटिंग साबणाच्या पाण्याने घासून धुतलं आणि श्रावणातल्या उन्हाच्या तिरिपा मिळतील तशा घेत सरांच्या गच्चीवर आठवडाभर वाळवलं. बुरशी झटकताना मास्क लावला, आणि काकूंना त्या दिवसांत गच्चीकडे फिरकू नका म्हणून सांगितलं. पत्रा घासून, गंज थांबवणारं रसायन लावून, प्राइमर दिला. ब्लोअरचा पंखा काढून धुतला. त्यात पानांचा काळा चिखल बसला होता आणि वासाचा मोठा भाग तिथूनच येत होता. बॅटरीची वायर सोडून कनेक्टर स्वच्छ केले, ग्रीस भरली. पिवळा दिवा त्यानंतर लागला नाही.

आणि मॅटिंग लगेच बसवलं नाही. पुढचे तीन आठवडे सर नुसत्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरून गाडी चालवत होते. आवाज फार यायचा. पण वर्तमानपत्रावर पडलेला थेंब झाकला जात नाही.

गणपतीत ते कसाऱ्याच्या घाटातून ठाण्याला जाऊन आले. जाताना कोपऱ्यातून चार-पाच थेंब आले, तेवढेच. काकू त्या वेळी अजून बसनेच गेल्या.

काच काढली तेव्हा

दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी पडल्यावर काच काढायला घेतली. कोपऱ्यात गंजाने पत्रा वर उचलला होता, तिथेच काचेला तडा गेला. सरांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कटुता आली नाही, खर्च मात्र वाढला. गंज घासून काढल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी दोन भोकं दिसली. डेंटरकडून त्या जागी पत्र्याचा छोटा तुकडा जोडून घेतला. सिलिकॉनचा अंश राहू नये म्हणून कड पूर्ण खरवडली, एपॉक्सी प्राइमर, एक दिवस सुकू दिला, रंग, आणि मग पीयूची सलग एकसंध धार टाकून नवी काच. पहिला दिवस-रात्र दारांच्या काचा दोन बोटं खाली ठेवल्या. बंद गाडीचं दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या पीयूला बाहेर ढकलतो.

सगळा हिशेब: सरांनी माझ्याआधी केलेला खर्च 1,800 रुपये. माझं पहिलं बिल 900. दार, टेप, प्राइमर, बूच, फेल्ट मिळून 2,600. काच, डेंटिंग, रंग आणि बसवणं 10,700. एकूण 16,000 रुपये. गुलमोहोराच्या पानांची वाट वेळच्या वेळी साफ झाली असती तर यातला थोडा खर्च टळला असता, काचेचा मात्र नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, पहिल्या दिवशी एक कारण सापडल्यावर थांबायला नको होतं. आणखी दीड तास लागला असता. सरांनी दहा दिवस ओल्या गाडीत काढले, आणि माझ्यावरचा त्यांचा विश्वास तेवढ्यापुरता का होईना हलला असणार. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्यांदा आले तेव्हा वहीत प्रत्येक नोंदीला वेळ लिहिलेली होती.

दुसरं, कुजलेला फेल्ट मी वाचवायला नको होता. दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात वास महिनाभर लांबला. घरात दम्याचा रुग्ण आहे हे माहीत असताना तर मुळीच नको होता.

तिसऱ्या बाबतीत माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. काच दिवाळीपर्यंत ठेवली हे बरोबर होतं का? पत्र्याच्या कामाच्या दृष्टीने हो. पण त्या चार महिन्यांत दोन भोकांपैकी एखादं तरी वाढलं असेल. एखाद्या ओळखीच्या रंगकाम करणाऱ्याच्या बंद खोलीत आठ दिवस जागा मागता आली असती. मी विचारलंच नाही. आता अशी गाडी आली की आधी ते विचारतो.

आणि मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे काम एप्रिलमध्ये व्हायला हवं. तेव्हा ऊन कडक असतं, पत्रा सुकलेला असतो, गॅरेजमध्ये गर्दी कमी असते. जूनमध्ये सगळे एकदम येतात आणि प्रत्येकाला संध्याकाळी गाडी हवी असते, तेव्हा झालेलं काम घाईचंच होतं.

पुढे काय झालं

पुढच्या वर्षी वळवाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री सरांनी मॅटिंगखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवला होता. सकाळी त्याचा फोटो पाठवला, कोरडा. जुलै-ऑगस्टमध्येही कोरडा. दर महिन्याच्या एक तारखेला ते वायपरखालची जाळी उचलून, तांब्याभर पाणी दोन्ही टोकांना ओततात आणि चाकामागे धार पडते का ते वाकून बघतात. ऑगस्टमध्ये उजवीकडची धार बारीक झाली होती, ती त्यांनी स्वतःच जुन्या ब्रशने साफ केली आणि मग मला कळवलं.

डिकीच्या डाव्या लाइटचं रबर आता कडक व्हायला लागलं आहे. ते येत्या एप्रिलमध्ये बदलायचं ठरलंय. त्या दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत काकू गाडीनेच ठाण्याला गेल्या, कसाऱ्याला चहाला थांबल्या, आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर झोपल्या.